ईएमजी-एनसीव्ही तपासणीचे परीक्षण: ताकद उतरत चालली असेल तर पैसे कशाचे मोजायचे

हाताची किंवा पायाची ताकद महिन्यागणिक उतरत चालली, अंगठ्याजवळचा मांसल भाग खचायला लागला, जीभ जड झाली, की न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ईएमजी-एनसीव्ही हे नाव हमखास येते. बोलताना ते एका दमात घेतले जाते आणि बिलावरही एकच ओळ असते. तपासण्या मात्र दोन आहेत. एनसीव्हीत नसेला बारीक शॉक देऊन ती किती वेगाने आणि किती जोराने संदेश नेते ते मोजतात. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विजेची हालचाल पडद्यावर बघतात आणि स्पीकरवर ऐकतात. पहिली तपासणी शिकलेला टेक्निशियन उत्तम करू शकतो. दुसरी डॉक्टरनेच करायची असते, कारण सुई पुढे कुठल्या स्नायूत घालायची हे आधीच्या स्नायूत काय दिसले त्यावरून ठरते.

परीक्षणाचा निकाल आधीच सांगून टाकतो. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, नुसती ताकद जाते आहे अशा रुग्णाला पूर्ण तपासणी मिळाली तर तिच्या तोडीचे दुसरे काही नाही. एमआरआय तिची जागा घेऊ शकत नाही. पण बऱ्याच ठिकाणी ईएमजी-एनसीव्हीच्या नावाखाली फक्त शॉकचा भाग होतो, सुई लागतच नाही, आणि रुग्ण चारही हातापायांचा रिपोर्ट घेऊन समाधानाने घरी जातो. मोटर न्यूरॉन डिसीजच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) शंकेसाठी हा रिपोर्ट अर्धाच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा होता.

तपासणीचा दर्जा मशीनपाशी ठरत नाही, तो चिठ्ठीपाशी ठरायला लागतो. ‘ईएमजी-एनसीव्ही, चारही हातपाय’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी गेली तर लॅब आपल्या ठरलेल्या साच्यातून सहा-आठ नसा तपासते आणि मोकळी होते. चिठ्ठीवर प्रश्न हवा: उजव्या हातापासून सुरुवात, आठ महिने झाले, संवेदना शाबूत, रिफ्लेक्स जोरदार, मोटर न्यूरॉन डिसीजची शंका, कंडक्शन ब्लॉक (नसेत मध्येच अडलेला संदेश) शोधा, सुई किमान तीन भागांत घाला. अशी चिठ्ठी लिहायला डॉक्टरने आधी रुग्ण नीट तपासलेला असावा लागतो. वीस मिनिटांची ती तपासणी म्हणजे या सेवेचा पहिला हप्ता समजा.

त्या वीस मिनिटांत काय व्हायला हवे ते घरच्यांनाही ठाऊक असावे. चप्पल पायातून निसटते का, हा आपल्याकडचा जुना आणि फार कामाचा प्रश्न. निसटली हे कळते पण पायात धरून ठेवता येत नाही, तर पाऊल उचलणारा स्नायू कमजोर आहे. निसटली हेच कळत नाही, चार पावले गेल्यावर बघितल्यावर समजते, तर संवेदना गेली आहे आणि विचार न्यूरोपथीकडे, म्हणजे नसांच्या आजाराकडे वळतो. जमिनीवरून किंवा देशी संडासातून उठताना हात टेकावे लागतात, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, तर खांदे आणि मांड्या कमजोर आहेत; तिथे स्नायूंचा आजार आधी तपासतात. बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, भाताचा घास बोटांत जमत नाही, तर हाताचे बारीक स्नायू गेले आहेत. सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पापण्या उतरतात, जेवताना शेवटच्या घासांना जबडा थकतो, तर मायस्थेनिया, म्हणजे नस आणि स्नायू यांच्या जोडणीचा आजार, आणि त्याची तपासणी वेगळी आहे.

हात बघताना एक गोष्ट जवळून बघावी. तळहात वर करून टेबलावर ठेवला की अंगठ्याच्या बुंध्याचा उंचवटा सपाट झालेला दिसतो. हात पालथा केला की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग खळगा पडल्यासारखा दिसतो. करंगळीच्या बाजूचा मांसल भाग मात्र बराचसा शाबूत असतो. हा नमुना एएलएसमध्ये, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजच्या मुख्य प्रकारात, वारंवार दिसतो आणि मानेत नस दबल्याने सहसा असा होत नाही. जीभही तशीच बघायची, पण बाहेर काढायला सांगून नाही. बाहेर काढलेली जीभ कोणाचीही थरथरते. तोंड उघडून जीभ आत निवांत ठेवायला सांगायचे आणि टॉर्चच्या उजेडात कडा बघायच्या. तिथे अळ्या वळवळल्यासारखी हालचाल दिसली तर ती खरी. सगळ्यात मोलाची खूण हातोडीची. स्नायू सुकलेला आहे आणि तरीही त्याचा रिफ्लेक्स जोरात उडतो, ही जोडी एका हातात दिसली की वरची (मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतची) आणि खालची (तिथून स्नायूपर्यंतची) दोन्ही मोटर नसतंत्रे बिघडल्याचा तो थेट पुरावा असतो. कुठलेही मशीन हे दाखवत नाही. रुग्णाचे बूट-मोजे न काढता, हातोडी न उचलता चिठ्ठी लिहिली गेली असेल तर पुढच्या तपासणीचे पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी आहे.

आता लॅबची वेळ घेताना. फोनवर तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर गोलमोल आले तर दुसरीकडे विचारावे. सुईची तपासणी होणार का आणि ती कोण करणार? एका रुग्णाला किती वेळ राखून ठेवता? सुई प्रत्येकाला नवी असते का? अशा रुग्णाला एक ते दीड तास लागतो. वीस मिनिटांत चारही हातपाय होतात असे कोणी म्हणाले तर सुई नाही हे गृहीत धरा. सुई एकदाच वापरायची असते आणि पाकीट रुग्णासमोर फोडले पाहिजे. दर विचारताना एनसीव्हीचा वेगळा आणि सुईसकटचा वेगळा विचारा, म्हणजे बिल आणि काम यांचा मेळ लागतो. मशीन निहॉन कोहडेनचे आहे, नॅटसचे की देशी आरएमएसचे, यावर या रुग्णाचे फारसे अडत नाही. बसणारा माणूस कोण यावर अडते.

घरून जाताना आंघोळ करून जावे आणि अंगाला तेल, मलम, क्रीम काही लावू नये. ताकद गेलेल्या हाताला रोज महानारायण तेलाने मालीश चालू असते, आणि तपासणीच्या सकाळीही ती आठवणीने होते. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड धरत नाही, विजेचा अडथळा वाढतो, बारीक संवेदी लहर गोंगाटात बुडते आणि रिपोर्टवर ‘नस मिळाली नाही’ असे उमटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल तर आधी सांगावे. गोळी मनाने बंद करू नये. मायस्थेनियाची शंका असेल तर पायरिडोस्टिग्मिनची गोळी साधारण १२ तास आधी थांबवतात, पण गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. आणखी एक बाब लॅब सहसा सांगत नाही: सीपीकेचे (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाचे) रक्त सुईच्या आधी द्यावे. सुया टोचल्यानंतर हा आकडा थोडा वाढू शकतो आणि मग नसलेला स्नायूचा आजार शोधत बसावे लागते.

शॉकचा भाग आधी होतो. मनगटावर, कोपरावर, घोट्यावर, गुडघ्यामागे शॉक देतात आणि ठरावीक स्नायूवरून किंवा बोटावरून उत्तर नोंदवतात. टचकन झटका बसतो, बोट आपोआप उडते. धोका काही नाही. निरोगी प्रौढ माणसात हाताच्या नसांचा वेग सेकंदाला साधारण ५० मीटरच्या वर आणि पायाच्या नसांचा ४० च्या वर असतो.

इथे सर्वात जास्त चुका थंड हातामुळे होतात. कातडीचे तापमान हाताला किमान ३२ अंश आणि पायाला ३० अंश सेल्सिअस हवे. एक अंश उतरला की वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने घसरतो. एसी खोलीत अर्धा तास बसलेल्या, हालचाल कमी झालेल्या, हात सुकलेल्या रुग्णाचा पंजा सहज २७-२८ अंशांवर असतो. मग वेग कमी आला म्हणून ‘न्यूरोपथी’ लिहून जाते. चांगल्या लॅबमध्ये तापमान मोजून रिपोर्टवर लिहितात आणि हात गार असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकून मगच सुरुवात करतात. रिपोर्टवर तापमानाचा आकडाच नसेल तर कमी वेगावर भरवसा ठेवताना जपून.

दुसरी चूक अपुऱ्या शॉकची. रुग्ण कळवळला म्हणून टेक्निशियन करंट कमी ठेवतो आणि नसेतले सगळे तंतू पेटत नाहीत. नियम असा की लहर वाढायची थांबली की त्यावर आणखी वीस-पंचवीस टक्के करंट द्यायचा. हे कोपराला केले नाही तर मनगटाला लहर मोठी आणि कोपराला छोटी दिसते, आणि खोटा ‘कंडक्शन ब्लॉक’ तयार होतो. पुष्कळ निरोगी माणसांच्या हातात मीडियन नसेचे (अंगठ्याच्या बाजूची) काही तंतू पुढच्या हातात अल्नर नसेत (करंगळीच्या बाजूची) शिरतात, त्याने अल्नर नसेतही असाच खोटा ब्लॉक दिसतो. अनुभवी माणूस कोपराला मीडियन नस पेटवून हे तपासून घेतो.

कंडक्शन ब्लॉकवर इतका वेळ घालवण्याचे कारण मोठे आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी नावाचा आजार दिसायला सुरुवातीच्या एएलएससारखा असतो. एका हातापासून सुरुवात, मनगट किंवा बोटे पडतात, संवेदना शाबूत, हळूहळू वाढ. फरक असा की तो उपचाराने आटोक्यात येतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ग्रॅम या हिशोबाने इम्युनोग्लोब्युलिन दोन ते पाच दिवसांत विभागून शिरेतून देतात आणि बरेचदा ताकद परत येते. स्टेरॉइडने त्यात फायदा होत नाही, कधी बिघडतेही. या आजारात नसेच्या एखाद्या तुकड्यात संदेश अडतो, म्हणजे त्या तुकड्याच्या वर शॉक दिला तर लहर निम्म्याहून लहान होते. अडथळा दंडात किंवा काखेत असेल आणि लॅब मनगट-कोपर करून थांबली तर तो सापडायचाच नाही. काखेत आणि गळ्याच्या हाडावर शॉक दिला का, हे रिपोर्टच्या तक्त्यात कळते. सुरुवात हाताची असेल आणि तक्त्यात या जागा नसतील तर तपासणी अपुरी समजून परत करून घ्यायला लाजू नये. वर्षानुवर्षे ‘एएलएस’ म्हणून घरी बसलेला माणूस उपचाराने आटोक्यात येणाऱ्या आजाराचा निघू शकतो, म्हणून हा एवढा आग्रह.

एएलएसमध्ये एनसीव्ही कशी दिसते? संवेदी नसा स्वच्छ. पायाच्या पोटरीमागची सुरल नस चांगली मिळते. मोटर लहरी जिथे स्नायू सुकला आहे तिथे लहान, वेग मात्र जवळपास ठीक. हेच चित्र बघून, सुई न घालता, ‘मोटर अ‍ॅक्सोनल न्यूरोपथी’ असे लिहिलेले रिपोर्ट फिरत असतात. ते वाचून रुग्ण सहा महिने मिथाइलकोबालामिन आणि प्रेगाबालिन या न्यूरोपथीच्या गोळ्या घेत बसतो. दुसरीकडे संवेदी लहरीही गेलेल्या असतील तर एएलएसवर शिक्कामोर्तब करण्याआधी थांबावे. मधुमेह असू शकतो, वयही असू शकते. पुरुषांमध्ये केनेडीचा आजार लक्षात ठेवावा: हळूहळू वाढणारी ताकदहानी, हनुवटीभोवती फडफड, छातीला गाठीसारखी वाढ आणि संवेदी लहरी लहान, जनुकीय चाचणीत तो नक्की होतो. आणि महाराष्ट्रात कुष्ठरोग विसरून चालत नाही. चट्टा नाही, फक्त कोपरामागची नस दोरीसारखी जाड आणि करंगळी-अनामिका वाकलेली, हा नुसत्या नसेचा कुष्ठरोग इथे भेटतो. बोटांनी नस चाचपली तर दहा सेकंदांत शंका येते. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

सगळ्याच मोटर लहरी लहान आणि संवेदना पूर्ण ठीक असे दिसले तर आणखी एक दहा सेकंदांची तपासणी करावी. रुग्णाला तो स्नायू दहा सेकंद पूर्ण जोर लावून आवळायला सांगायचे आणि लगेच परत शॉक द्यायचा. लहर दुपटीहून मोठी झाली तर तो लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम, हाही नस-स्नायू जोडणीचाच आजार. निम्म्या रुग्णांमध्ये त्याच्यामागे फुप्फुसाचा कर्करोग दडलेला असतो. यासाठी जादा सामान लागत नाही, जादा पैसा लागत नाही, फक्त सुचावे लागते.

आता सुई. दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. इंजेक्शनपेक्षा बारीक सुई असते पण ती स्नायूत थोडी थोडी फिरवावी लागते. बहुतेक रुग्ण सहन करतात, विशेषतः डॉक्टर प्रत्येक वेळी काय करणार ते सांगत असेल तर. स्नायू पूर्ण ढिला सोडला की निरोगी माणसात स्पीकर शांत होतो. नस तुटलेल्या स्नायूतून मात्र पत्र्यावर पावसाचे तुरळक थेंब पडावेत तसा आवाज एका लयीत येत राहतो. ही फिब्रिलेशन्स. मधूनच एखादा जाड ‘ठप्प’ आवाज येतो, बेलयी. तो फॅसिक्युलेशनचा, म्हणजे तीच फडफड जी कातडीखाली दिसते. तिची वाट बघावी लागते. सुई न हलवता एका जागी साधारण दीड मिनिट थांबले तर ती नीट मोजता येते. पंधरा सेकंदांत सुई काढली तर सापडत नाही आणि रिपोर्टवर ‘फॅसिक्युलेशन नाही’ असे जाते. मग रुग्णाला हलका जोर लावायला सांगतात. जुना बिघाड असेल तर लहरी उंच, रुंद आणि अनेक टोकांच्या होतात, कारण उरलेल्या नसेने शेजारचे अनाथ तंतू दत्तक घेतलेले असतात.

स्नायू किती आणि कुठले, यावर या सेवेला गुण द्यायचे. शरीराचे चार भाग धरतात: तोंड-घसा, मान-हात, छाती-पाठ, कंबर-पाय. हातात आणि पायात प्रत्येकी किमान दोन स्नायू हवेत, आणि ते वेगळ्या मुळांचे आणि वेगळ्या नसांचे हवेत. तोंडात किंवा पाठीत एक पुरतो. पाठीचा स्नायू फार किमती आहे. साठीच्या माणसाच्या मानेत आणि कंबरेत झीज असतेच, एमआरआयवर गॅप दिसतेच आणि ‘नस दबलीय’ हे निदान तयार असते. छातीच्या मागच्या मणक्यांत झीज सहसा नस दाबत नाही. त्यामुळे त्या भागातल्या पाठीच्या स्नायूत फिब्रिलेशन मिळाले तर मान आणि कंबर या दोघांवर खापर फोडता येत नाही. ही एक सुई मानेची नाहक शस्त्रक्रिया वाचवू शकते. ज्या लॅबच्या रिपोर्टात अशा रुग्णाच्या पाठीचा आणि जिभेचा किंवा मानेच्या स्टर्नोमास्टॉइडचा उल्लेख आढळतो, तिला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

एएलएस ठरवायला निकष कुठले लावतात तेही सांगतो, कारण रिपोर्टात नावे दिसतात. १९९४ चे एल एस्कोरियल निकष ‘संभाव्य’, ‘शक्य’ अशा पायऱ्यांचे होते आणि त्यांत रुग्ण अडकून पडत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवाजी निकषांनी सुईच्या पुराव्याला हातोडीच्या पुराव्याइतकीच किंमत दिली आणि जुना बिघाड दिसत असलेल्या स्नायूतली फॅसिक्युलेशन्स फिब्रिलेशनच्या तोडीची मानली. २०१९ मध्ये ठरलेले गोल्ड कोस्ट निकष सर्वात सोपे: आधी ठीक असलेल्या माणसात वाढत जाणारी ताकदहानी, एका भागात वरच्या आणि खालच्या दोन्ही मोटर न्यूरॉनचा बिघाड किंवा दोन भागांत खालच्याचा, आणि इतर आजार तपासून बाजूला केलेले. शेवटचे कलम वाचायला छोटे आहे, पण बहुतेक कष्ट त्यातच असतात.

म्हणूनच सोबतच्या तपासण्या. मानेचा एमआरआय हवाच, कारण मानेत मज्जारज्जू दाबला गेला तर हात सुकतात आणि पाय कडक होतात, म्हणजे एएलएसची हुबेहूब नक्कल. त्यात चेहरा, जीभ, गिळणे मात्र शाबूत राहते. बी-१२ चे रक्त इंजेक्शन घेण्याआधी द्यावे. आपल्याकडे कुणालाही अशक्तपणा म्हटले की आधी इंजेक्शनचा कोर्स होतो आणि मग तपासलेला आकडा छान येतो. तसे झालेच असेल तर जुने हिमोग्राम शोधावे. लाल पेशींचा आकार आधीपासून मोठा होता का ते कळते. थायरॉइड, साखर, सीपीके, सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, एचआयव्ही ही यादी वाजवी. एएलएसमध्येही सीपीके वाढतो, पण बहुधा हजाराच्या आत. ताकदहानी आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढते आहे, रिफ्लेक्स गेले आहेत आणि वेग खूप कमी आहे, तर सीआयडीपी, म्हणजे नसांच्या आवरणाला सूज येणारा आजार. तोही उपचाराला दाद देणारा. याउलट जाहिरातीतली ‘संपूर्ण न्यूरोपथी पॅनेल’ पाकिटे या रुग्णाला क्वचितच उपयोगी पडतात. त्यातले निम्मे जीवनसत्त्वांचे आकडे असतात.

या तपासणीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. फक्त कडकपणा असलेल्या, स्नायू न सुकलेल्या रुग्णात सुई महिनोन्महिने स्वच्छ येऊ शकते. विदर्भाच्या काही भागांत लाखोळी डाळ जास्त खाण्यातून पाय कडक झालेले रुग्ण आहेत, तिथेही ईएमजी विशेष बोलत नाही. आहाराचा इतिहास बोलतो. ताजी इजा असेल तर सुईतले बदल यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधीची तपासणी फसवी. लहानपणी पोलिओ झालेल्यांच्या शाबूत वाटणाऱ्या पायातही प्रचंड मोठ्या लहरी मिळतात आणि त्यावरून नवा आजार ठरवता येत नाही. मायस्थेनियात साधी ईएमजी ठीक येऊ शकते. तिथे सेकंदाला ३ या गतीने शॉक देऊन लहर दहा टक्क्यांहून जास्त घसरते का ते पाहतात, आणि तेही हात गरम ठेवून, कारण गारठ्यात घसरण लपते. मायोसायटिसच्या इन्क्लुजन बॉडी प्रकारात लहरींचे चित्र मिसळलेले येते आणि ते एएलएस समजले जाते. मांडीचा पुढचा स्नायू आणि बोटे मिटणारे स्नायू आधी गेले आहेत का, हे पाहिले तर घोळ टळतो. आणि पापणी किंवा पोटरी फडफडते, ताकद पूर्ण आहे, सुई स्वच्छ आहे, त्या माणसाने इंटरनेटवर एएलएस वाचणे थांबवावे. ती फडफड निरुपद्रवी आहे.

तरुणांच्या बाबतीत आपल्या देशाचा स्वतःचा अनुभव आहे आणि तो रिपोर्ट वाचणाऱ्याला ठाऊक हवा. सतरा-अठराच्या मुलाचा एकच पंजा आणि पुढचा हात वर्ष-दोन वर्षांत सुकला, थंडीत बोटे आणखी आखडली, आणि मग आजार थांबला, तर तो बहुधा हिरायामाचा आजार. जपानमध्ये १९५९ मध्ये त्याचे वर्णन झाले; बंगळुरूच्या निम्हान्समधून १९८४ मध्ये एकाच हाताचे किंवा पायाचे स्नायू सुकणाऱ्या रुग्णांचे वर्णन मोनोमेलिक अ‍ॅमायोट्रॉफी या नावाने आले. त्यात करंगळीची बाजू जास्त सुकते, एएलएसच्या उलट. साधा एमआरआय ठीक येतो, मान पुढे वाकवून काढला तर दिसतो. तसे चिठ्ठीवर लिहावे लागते. उपाय म्हणजे मान वाकवणे टाळायला कॉलर. मोटर न्यूरॉन डिसीजचा दक्षिणेत दिसणारा मद्रास प्रकार वेगळा: तरुण वय, ऐकू कमी येणे, चेहरा आणि घसा कमजोर, पण आजाराची वाढ मंद. या मुलांच्या आईवडिलांना ‘आयुष्य तीन ते पाच वर्षे’ असे सांगून टाकणे हा अक्षम्य घाईचा प्रकार आहे.

सेवा कुठे चांगली मिळते? वैद्यकीय महाविद्यालयांच्या न्यूरोलॉजी विभागांत, मुंबईत केईएम, नायर, जेजे इथे, सुई शिकवली जाते म्हणून ती घातलीही जाते. रांग लांब, खोली छोटी, पण स्नायू मोजून तपासलेले असतात आणि शंका असेल तर वरिष्ठ येऊन परत सुई घालतात. खासगीत वेळ आणि शब्द गोड मिळतात. दर्जा करणाऱ्या डॉक्टरवर आहे. जी खासगी लॅब न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्याला जोडलेली आहे आणि जिथे तपासणाऱ्याने आधी रुग्णाला चालवून, हातोडी मारून पाहिले, तिथे पैसे वसूल. घरपोच एनसीव्हीची सेवा साखरेच्या न्यूरोपथीसाठी चालेल, या तक्रारीसाठी घेऊ नये.

रिपोर्ट हातात आल्यावर तीन गोष्टी बघाव्यात: लहरींच्या प्रती जोडल्या आहेत का, स्नायूवार सुईचा तक्ता आहे का, आणि शेवटी चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर आहे का. ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ एवढाच शेवट असलेला रिपोर्ट अर्धवट आहे. पहिल्या वेळी पुरावा अपुरा आला तर साधारण तीन महिन्यांनी परत तपासतात. तेव्हा त्याच लॅबमध्ये, तेच स्नायू आणि एक-दोन नवे घ्यावेत, म्हणजे बदल वाचता येतो. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी वजन, पंजाचा फोटो एकाच उजेडात, आणि चालण्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ ठेवावा. काही महिन्यांचा हा पुरावा कित्येकदा सुईपेक्षा स्पष्ट बोलतो.

एएलएसचे निदान पक्के झाले तर रिल्युझोल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लिव्हरची तपासणी करत. १९९५ पासून ते वापरात आहे आणि काही महिन्यांची भर घालते. कुटुंबात आणखी कोणी असेल तर जनुकीय तपासणीचा विषय काढावा, कारण एसओडी-१ जनुकाच्या बिघाडावर टोफर्सन हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले आहे. आणि त्याच भेटीत फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजून घ्यावी, बसून आणि आडवे पडून दोन्ही. आडवे झाल्यावर आकडा बराच उतरला तर श्वासाचा पडदा थकतो आहे, आणि रात्री मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप मशीनची चौकशी त्या आठवड्यातच सुरू करावी.